लग्नाचं एडिटिंग आणि अधूनमधून गेम: लॅपटॉप घेताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि त्याच्या महिनाभर आधीपासून एकच प्रश्न फिरून फिरून येतो, लॅपटॉप कुठला घेऊ. विचारणारे बहुतेक तालुक्याच्या गावातले शूटिंगवाले, काही यूट्यूबवाले, काही कॉलेजची पोरं ज्यांना घरी एडिटिंगचं कारण सांगून गेमिंग लॅपटॉप काढायचा असतो (त्यांचंही स्वागत आहे). प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा सगळं इथे एकदाच लिहून टाकतो.

बजेट ७५ हजार आहे, पटकन मॉडेल सांगा ना.

नाही सांगत, कारण मॉडेलचं नाव सांगितलं तरी त्याच नावाचे पाचसहा वेगवेगळे लॅपटॉप बाजारात असतात. लेनोवो एलओक्यू घ्या, एसूस टफ घ्या, एसर नायट्रो नाहीतर एचपी व्हिक्टस घ्या, नाव तेच पण स्क्रीन वेगळी, रॅम वेगळी, ग्राफिक कार्डाला मिळणारे वॉट वेगळे, आणि वरचा स्टिकर मात्र सारखाच. त्यापेक्षा आधी हे सांगा की शूट कशावर करता, एडिट प्रीमियरमध्ये करता की दा विंचीमध्ये, आणि पार्टीला फायनल काय देता, फुल एचडी की फोर-के. गेमचं शेवटी बघू, तो भाग सगळ्यात सोपा आहे.

कॅमेऱ्याचा आणि लॅपटॉपचा काय संबंध? फाईल ती फाईल.

इथेच सगळी गंमत आहे आणि दुकानदार हे कधीच सांगत नाही, बहुतेकांना माहीतही नसतं. कॅमेरा फुटेज दाबून, कॉम्प्रेस करून लिहितो, आणि एडिटिंगला प्रत्येक फ्रेम परत उलगडावी लागते. एच.२६४ आणि एच.२६५ हे दोन प्रकार तुम्हाला सगळीकडे भेटतील. एच.२६५ मध्ये फाईल लहान होते पण उलगडायला मेहनत जास्त. ही मेहनत प्रोसेसरने एकट्याने करायची की चिपमध्ये त्यासाठी खास बसवलेल्या डिकोडरने, यावर तुमचा प्रिव्ह्यू लोण्यासारखा सरकणार की दर दोन सेकंदाला अडकणार हे ठरतं.

आता पुढची पायरी. ४:२:० आणि ४:२:२ असे आकडे कॅमेऱ्याच्या मेनूत दिसतात, म्हणजे रंगाची माहिती किती ठेवली ते. मोबाईल, बरेचसे ड्रोन आणि सोनी ए७ थ्री सारखे जुने कॅमेरे ४:२:० लिहितात, ते आज कुठलाही बऱ्यापैकी लॅपटॉप सहज उलगडतो. पण ए७ फोर, कॅनन आर६ वगैरे घेतले आणि ग्रेडिंगला, म्हणजे रंग जुळवायला, बरं म्हणून १०-बिट (रंगाच्या छटा जास्त) ४:२:२ लावलं, की खेळ बदलतो. एच.२६५ चं ४:२:२ इंटेलच्या ११व्या जनरेशनपासूनच्या ग्राफिक्सवर हार्डवेअरमध्ये उलगडतं, ॲपलच्या एम सिरीजवरही उलगडतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० सिरीजवर नाही, एएमडीवरही नाही. आरटीएक्स ५० सिरीज २०२५ मध्ये लॅपटॉपमध्ये आली तेव्हा एनव्हिडियाने पहिल्यांदा ४:२:२ दिलं, आणि एच.२६४ व एच.२६५ दोन्हीत दिलं.

हे "दोन्हीत" का महत्त्वाचं ते सोनीवाल्यांनी नीट वाचा. ए७ फोरमध्ये एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५, पण त्यात फोर-के ला २५ फ्रेमचा ऑप्शनच नाही, ५० आहे. आपल्याकडे लग्नाला लोक सर्रास २५ वर शूट करतात, मग आपोआप एक्सएव्हीसी एस निवडलं जातं, ते निघालं एच.२६४ चं ४:२:२, आणि ते इंटेलचा तेवीस-चोवीस सालचा लॅपटॉपही हार्डवेअरने उलगडत नाही. मग लाख रुपयांचा लॅपटॉप आणि प्रिव्ह्यू अडकतोय म्हणून माणूस रॅम वाढवत बसतो.

आपली फाईल कुठली हे माहीत नसेल तर मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, क्लिप त्यात टाका, कोडेक (एच.२६४ की एच.२६५), बिट डेप्थ (८ की १०) आणि क्रोमा (४:२:० की ४:२:२) तीनही ओळी समोर येतात.

पण माझ्याकडे आधीच ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप आहे, तरी टाईमलाईन अडकते. कार्ड खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयू निवडा, तिथे व्हिडिओ डिकोडचा वेगळा ग्राफ असतो. टाईमलाईन प्ले करा. तो ग्राफ शून्यावर पडून आहे आणि वर प्रोसेसर ९०-१०० टक्के बोंबलतोय असं दिसलं तर तुमची फाईल हार्डवेअरला झेपतच नाही, वर सांगितलेलं प्रकरण. ग्राफ हलतोय आणि तरी अडकतंय तर इफेक्ट, नॉईज रिडक्शन नाहीतर डिस्क बघा.

अजून एक खोडी आहे. गेमिंग लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असतो, म्हणजे स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सने चालवायची ते ठरवणारा, त्याच्या ॲपमध्ये "फक्त एनव्हिडिया" असा काहीतरी मोड असतो, गेमला त्याने चारदोन फ्रेम जास्त मिळतात. पण तो चालू केला की इंटेलचं आतलं ग्राफिक्स बंद होतं आणि त्याच्याबरोबर त्याचा डिकोडरही जातो. पोरगा रात्री गेम खेळून तसाच ठेवून जातो आणि सकाळी बाबा म्हणतात लॅपटॉप स्लो झाला. एडिटिंगला बसताना तो हायब्रिडवर, म्हणजे दोन्ही ग्राफिक्स चालू, असा ठेवा.

मग इंटेल घेऊ की एएमडी?

४:२:२ शूट करत असाल आणि कार्ड आरटीएक्स ४० किंवा त्याआधीचं असेल तर इंटेल. कार्ड ५० सिरीजचं असेल तर काही फरक पडत नाही, एएमडी बिनधास्त घ्या. मोबाईल, ड्रोन, ए७ थ्री वगैरेवर काम असेल तरी फरक पडत नाही.

नावांच्या बाबतीत मात्र सावध. रायझन ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा, ७७३५ मध्ये तो ३ आहे म्हणजे आतून जुनी झेन ३+ रचना, आणि ७८४० मध्ये ४ आहे म्हणजे झेन ४. समोरून दोन्ही "७००० सिरीज" म्हणून विकतात. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा, यू असेल तर बॅटरीसाठी बनवलेली चिप, एडिटिंगला एच किंवा एचएक्स बघा.

स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप दिसायला छान आणि बॅटरी भारी, पण तुमच्या या कामाला नको. प्लगिनचीही अडचण आणि गेमचीही.

ग्राफिक कार्ड कोणतं पुरेल?

फुल एचडी डिलिव्हरी, साधं ग्रेडिंग, टायटल, ट्रान्झिशन एवढंच असेल तर आरटीएक्स ४०५० पुरतं, त्यात ६ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आहे. फोर-के टाईमलाईन आणि दा विंची असेल तर ८ जीबीच्या खाली जाऊ नका, कारण दा विंची सगळं कार्डावर लादतो आणि व्हीरॅम संपली की जीपीयू मेमरी भरल्याचा मेसेज देऊन रेंडर मध्येच सोडतो, तेही बरोब्बर डिलिव्हरीच्या आदल्या रात्री. ४०६०, ४०७०, ५०५०, ५०६० आणि ५०७० या सगळ्यांच्या लॅपटॉप आवृत्तीत ८ जीबीच आहे. म्हणजे फक्त व्हीरॅमसाठी ५०६० वरून ५०७० वर उडी मारण्यात अर्थ नाही, १२ जीबी हवी तर थेट ५०७० टीआय. जुन्या ४ जीबीवाल्या ३०५० पासून आता लांबच राहा.

आणि वॉट. ही गोष्ट बॉक्सवर कुठेतरी कोपऱ्यात असते किंवा नसतेच. लॅपटॉपमधली ४०६० कंपनीला ३५ वॉटवर चालवता येते आणि ११५ वॉटवरही, नाव दोन्हीकडे ४०६० च. पातळ, सुंदर, दीड किलोच्या लॅपटॉपमध्ये कमी वॉटची असते आणि जाड डब्ब्यात पूर्ण वॉटची. जाड डब्ब्यातली ४०५० पातळ लॅपटॉपमधल्या ४०६० च्या अगदी जवळ येऊ शकते, कधी पुढेही जाते. त्यामुळे कंपनीच्या साईटवर त्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी, म्हणजे कार्डाला मिळणारे हे वॉट, शोधा, तिथे लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारण्यात काही हशील नाही, यूट्यूबवर त्याच मॉडेल नंबरचा रिव्ह्यू शोधा.

रॅम १६ पुरेल ना?

फुल एचडीला पुरते. फोर-के, त्यात दोन-तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम, वर आफ्टर इफेक्ट्स उघडं आणि मागे क्रोममध्ये वीस टॅब, असं असेल तर ३२.

पण इथे एक नवं दुखणं झालंय. आधी मीच सगळ्यांना सांगायचो की १६ चा घ्या आणि नंतर स्वस्तात वाढवा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला लागल्यापासून. त्यामुळे आता ३२ चा तयार लॅपटॉप आणि १६ चा अधिक वेगळी रॅम, दोन्हीची बेरीज करूनच ठरवा. आणि रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये ते आधी बघा. एलपीडीडीआर लिहिलं असेल तर ती बोर्डाला चिकटलेली, जन्मभर तेवढीच. एकच १६ ची काडी असेल तर सिंगल चॅनलवर चालते, तेवढी आठवण ठेवा, ८-८ च्या दोन काड्या वेगाला बऱ्या, पण मग वाढवताना दोन्ही काढाव्या लागतात.

५१२ जीबीची एसएसडी चालेल का? बाकी हार्डडिस्कवर टाकू.

हिशोब करू. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला मेगाबिट, मेगाबाईट नव्हे) शूट केलेला फोर-के एका तासाला ४५ जीबी खातो. हळद, साखरपुडा, लग्न, वरात धरून एका कॅमेऱ्याचे सहा तास झाले तर २७०, दोन कॅमेरे म्हणजे ५४० जीबी, ड्रोन अजून धरला नाही. ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते, त्यातलं शंभर-सव्वाशे विंडोज, प्रीमियर आणि कॅशे खाऊन बसतात, आणि गेम इन्स्टॉल केलात तर एकेक गेम १०० जीबीच्या वर. म्हणजे एकही लग्न आत मावत नाही.

१ टीबी कमीत कमी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) रिकामा हवा, बहुतेक जाड गेमिंग लॅपटॉपमध्ये असतो. फिरती हार्डडिस्क सेकंदाला १००-१५० एमबीच्या आसपास देते, तीही फाईली सरळ वाचल्या तर. दोन कॅमेऱ्यांचं फोर-के त्यावरून थेट एडिट करायला गेलात की अडखळणार. हार्डडिस्क बॅकअपला ठेवा, एडिट एसएसडीवर करा. आणि पार्टीने पेन ड्राईव्ह नेल्याशिवाय, बघून "ओके" म्हटल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट मारू नका, हे लॅपटॉपच्या विषयात बसत नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कार्डावरून आठवलं, बऱ्याच गेमिंग लॅपटॉपला एसडी कार्डचा स्लॉटच नसतो. कार्ड रीडरचे पैसे वेगळे धरा, आणि कार्ड यूएचएस-२ चं (जास्त वेगवालं) असेल तर रीडरही त्याच जातीचा घ्या, नाहीतर महागडं कार्ड साध्या कार्डच्या वेगाने कॉपी होत बसेल.

स्क्रीन कशी ओळखायची? सगळीकडे फुल एचडी आयपीएसच लिहिलेलं असतं.

स्क्रीनवर लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि नंतर सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये "४५ टक्के एनटीएससी" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे एसआरजीबीच्या, स्क्रीनसाठी ठरलेल्या नेहमीच्या रंगांच्या, साठ-पासष्ट टक्के रंगच ती स्क्रीन दाखवते. नवरीचा लाल शालू त्यावर विटकरी दिसतो, हळदीचा पिवळा मलूल दिसतो, मग तुम्ही सॅच्युरेशन वाढवता, आणि पार्टी मोबाईलवर बघते तेव्हा नवरदेव टोमॅटोसारखा लाल. त्यांच्या मोबाईलची स्क्रीन तुमच्या लॅपटॉपपेक्षा चांगली असते हे लक्षात ठेवा.

हवी ती "१०० टक्के एसआरजीबी", जुन्या भाषेत ७२ टक्के एनटीएससी, दोन्ही साधारण एकच. ब्राईटनेस ३०० निट्सच्या वर. १४४ की १६५ हर्ट्झ याचा एडिटिंगला काही उपयोग नाही, गेमला आहे. १६:१० ची स्क्रीन मिळाली तर घ्या, खाली टाईमलाईनला जास्त जागा मिळते आणि ती रोज जाणवते.

ओलेड छानच दिसते, रंगही भरपूर. फक्त प्रीमियरचे पॅनल दिवसातून दहा तास एकाच जागी असतात, त्यामुळे डाग बसण्याची भीती राहते, आणि काहींना त्या स्क्रीनच्या लुकलुकण्याने डोकं दुखतं. पाच-सहा तासांचं काम असेल तर घ्या, दुकानच चालवायचं असेल तर आयपीएस बरी.

बजेट ताणूनही चांगली स्क्रीन बसत नसेल तर ४५ टक्केवाला लॅपटॉप घेऊन दुकानात एक वेगळा १०० टक्के एसआरजीबीचा मॉनिटर लावा. ही तडजोड मला चांगल्या स्क्रीनच्या मागे लागून कार्ड कमी करण्यापेक्षा जास्त पटते.

मॅकबुकच का नको? सगळे मोठे एडिटर तेच वापरतात.

नको म्हटलंच नाही. गेम सोडायची तयारी असेल तर मॅकबुक एअर एम४ सुद्धा लग्नाचं फोर-के सुरेख ओढतो, २०२५ मध्ये तो आपल्याकडे ९९,९०० ला आला होता, १६ जीबी रॅमसकट. बॅटरीवर तेवढ्याच वेगाने चालतो, हॉलवर बसून त्याच दिवशी रील काढून द्यायचं असेल तर त्याला तोड नाही. पण एअरला पंखा नाही, लांब एक्सपोर्टला गरम झाला की हळू होतो, रोजचं दोन-तीन तासांचं रेंडर असेल तर पंखावाला प्रो बघा. स्टोरेज आत वाढत नाही, आणि ॲपल त्याचे जे पैसे घेते ते बघून बाहेरची एसएसडीच घ्यावीशी वाटते.

गेमचं मात्र अवघड. व्हॅलोरंट मॅकवर चालत नाही, काउंटर स्ट्राईक २ ला मॅकचा सपोर्ट नाही, जीटीए फाईव्ह मॅकसाठी आलाच नाही. संध्याकाळी मित्रांबरोबर खेळणं हे खरंच तुमच्या यादीत असेल तर विंडोज.

गेम कुठले चालतील?

व्हॅलोरंट आणि सीएस २ साठी तर वरचं कुठलंही कार्ड जास्तीचंच आहे, व्हॅलोरंट कार्डाशिवायही चालतो. जीटीए फाईव्ह आरामात. सायबरपंक सारखे जड गेम ४०५०-४०६० वर फुल एचडीत मीडियम-हायवर आणि डीएलएसएस (एनव्हिडियाची फ्रेम वाढवायची सोय) लावून खेळता येतात. "अधूनमधून" खेळणाऱ्याने गेमसाठी वेगळे पैसे मोजूच नयेत, एडिटिंगसाठी घेतलेल्या कार्डात ते फुकट मिळतंय. मोबाईलचा बीजीएमआय लॅपटॉपवर इम्युलेटरमध्ये खेळायला जाऊ नका, अकाउंट बॅन होतं.

आमच्याकडे उन्हाळा कडक. लॅपटॉप गरम होऊन बंद पडेल का?

बंद क्वचित पडतो, हळू मात्र नक्की होतो. इंटेलच्या बऱ्याच चिपा १०० अंशांपर्यंत जाऊ देतात आणि मग स्वतःच वेग कमी करतात, एएमडीच्या ९५ च्या आसपास. त्यामुळे रेंडर मारताना ९० दिसलं तर घाबरू नका, ते असंच असतं. पण ॲपलपासून सगळ्या कंपन्यांचे लॅपटॉप साधारण ३५ अंश खोलीच्या तापमानापर्यंत चालवायला बनवलेले असतात, आणि अकोला, जळगाव, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात विचारूच नका. पंखा बाहेरची गरमच हवा आत ओढतो, तो करून करून काय करणार. आणि नेमका एप्रिल-मे हाच लग्नाचा धबडगा.

म्हणून विदर्भ-खानदेशवाल्यांनी पातळ लॅपटॉपचा मोह धरू नये, जाड, दोन पंख्यांचा, मागून हवा सोडणारा बघा. मागची बाजू इंच-दीड इंच उचलणारा स्टँड हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा उपाय, खाली निळे दिवे लावलेले पंख्याचे कूलर त्यामानाने थोडाच फरक पाडतात. गादीवर, उशीवर, मांडीवर ठेवून रेंडर नको. मोठे रेंडर रात्री अकरानंतर लावा. वर्षातून एकदा उघडून धूळ काढा, दोन-तीन वर्षांनी पेस्ट बदला, पण वॉरंटीत असताना उघडून चालतं का ते आधी विचारा. हवेचीच अजून एक गोष्ट: वाळ्याचा डेझर्ट कूलर थेट लॅपटॉपकडे तोंड करून लावू नका, ती ओली हवा असते.

कोकणात उष्णतेपेक्षा दमट हवेचा त्रास. पावसाळ्यात लॅपटॉप आणि लेन्स आठवडे आठवडे बॅगेत बंद ठेवू नका, वापरत राहिलं तर आतली ओल उडते.

लाईट जाते तेव्हा काय? आणि हा चार्जर एवढा मोठा का?

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे महावितरणने लाईट घालवली तरी प्रोजेक्ट जात नाही, डेस्कटॉपपेक्षा हा खरा फायदा. जातं ते बाजूचं, म्हणजे वेगळ्या अडॅप्टरवरची हार्डडिस्क, मॉनिटर आणि राउटर. कॉपी चालू असताना हार्डडिस्क अशी धाडकन बंद पडणं वाईट, तेवढी तरी इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. इन्व्हर्टर साईन वेव्हचा असावा, जुन्या स्क्वेअर वेव्हवर चार्जर गुणगुणतो आणि तापतो. २३० वॉटचा चार्जर म्हणजे दोन-तीन पंख्यांचा लोड आहे, बॅकअपचा हिशोब त्याप्रमाणे.

मोठ्या चार्जरच्या केबलला कधी कधी १६ अँपियरची जाड पिन येते, फ्रिज-गिझरची असते तशी, आणि मंगल कार्यालयात तुम्हाला तसा सॉकेट मिळायची शक्यता शून्य. चार्जरच्या ठोकळ्याकडचं टोक बघा, बहुतेक वेळा डेस्कटॉपच्या सीपीयूला लागते तीच केबल त्यात बसते. ६ अँपियरच्या पिनची, आयएसआय मार्कवाली, तीन पायांची एक केबल घेऊन बॅगेत टाका. तिसरा पाय तोडायचा नाही. लॅपटॉपच्या पत्र्याच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लॅपटॉप बिघडलेला नसतो, अर्थिंग नसतं, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बॅटरीवर एडिटिंग होईल ना?

कट मारणं, क्लिप निवडणं होईल. रेंडर आणि गेम नाही, विंडोजच्या गेमिंग लॅपटॉपचं कार्ड बॅटरीवर अर्ध्याहूनही कमी ताकदीने चालतं.

बजेटच नाहीये, जुना आय५ आहे. यंदाचा सीझन काढायचा आहे.

प्रॉक्सी वापरा. प्रीमियर आणि दा विंची दोन्हीत आहे. मूळ फुटेजच्या हलक्या, लहान कॉपी रात्रभर बनवून ठेवायच्या, त्यांच्यावर एडिट करायचं, एक्सपोर्टला सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाईल उचलतं. जागा थोडी जास्त लागते आणि एक रात्र जाते, पण सहा वर्षांचा लॅपटॉपही ४:२:२ चं लग्न काढून देतो. किंवा त्याहून सोपं, पार्टीला फुल एचडीच द्यायचंय आणि ग्रेडिंग जेमतेम करताय तर कॅमेरा ४:२:० वर ठेवा. शंभरातल्या नव्वद पार्ट्यांना फरक कळणार नाही. नवीन लॅपटॉपचे लाखभर वाचतात.

मोबाईलचं फुटेज मिसळत असाल आणि आवाज पुढेमागे होत असेल तर ते लॅपटॉपचं दुखणं नाही, मोबाईल फ्रेम रेट कमीजास्त करत शूट करतो. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटला काढून घ्या.

दा विंची फ्री पुरेल की स्टुडिओ घ्यावा लागेल?

फ्री भरपूर देतो, यूएचडी फोर-के ६० फ्रेमपर्यंत. नॉईज रिडक्शन नाही, आणि मांडवातल्या कमी उजेडात तेच हवं असतं. १०-बिट एच.२६५ फाईल विंडोजवर फ्रीमध्ये अडतात, त्यामुळे आपल्या कॅमेऱ्याची एक क्लिप आधी टाकून बघा. स्टुडिओ २९५ डॉलरला एकदाच, दरवर्षी नाही.

लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप बरा नाही का?

दुकानातून हलणारच नसाल तर हो, तेवढ्याच पैशात वेगवान आणि थंड. हॉलवर, पार्टीच्या घरी, गावाला न्यायचा असेल तर लॅपटॉप.

भाऊ अमेरिकेतून येतोय, तिकडून आणू का?

१८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असतो, फक्त केबल इकडची लावा. अडचण वॉरंटीची, ती भारतात लागू आहे की नाही हे त्या मॉडेलपुरतं कंपनीच्या साईटवर तपासा, आणि जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही हेही हिशोबात धरा, डॉलरचा भाव मग तेवढा स्वस्त वाटत नाही.

जीएसटीचं काय क्रेडिट?

स्टुडिओचा जीएसटी नंबर असेल तर बिल त्या नंबरवर घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के आहे, १,१८,००० च्या बिलात १८,००० टॅक्स, तो तुमच्या टॅक्समधून वळता होतो. कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. ऑनलाईन घेताना ऑर्डर करायच्या आधीच नंबर टाकावा लागतो, मागून बदलून देत नाहीत.

ऑनलाईन की दुकानातून?

दसरा-दिवाळीच्या सेलला कार्ड ऑफर धरून ऑनलाईन स्वस्त पडतो. मुंबईजवळचे लॅमिंग्टन रोडला जाऊन घासाघीस करू शकतात, पण तिथेही मॉडेल नंबर पूर्ण, शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून न्या, कारण स्क्रीन आणि वॉट त्या शेवटच्या अक्षरांत लपलेले असतात. ऑनलाईन आला तर सील फोडण्यापासून व्हिडिओ काढा. वॉरंटी ऑनसाईट आहे का आणि तुमच्या पिनकोडला माणूस येतो का ते कस्टमर केअरला आधी फोन करून विचारा, जिल्ह्याच्या गावाला सर्व्हिस सेंटर नसेल तर सीझनमध्ये दहा दिवस लॅपटॉप पुण्याला अडकलेला परवडत नाही.

"एआय पीसी" असा स्टिकर बघून दोन पैसेही जास्त देऊ नका. एडिटिंगमधली एआयची बहुतेक कामं आजही ग्राफिक कार्डच करतं.

सेकंडहँड?

गेमिंग लॅपटॉप सेकंडहँड घ्यायला मी कचरतो, पंखा, पेस्ट, बॅटरी तिन्ही दमलेले असतात. घेणारच असाल तर विक्रेत्यासमोर बसून बॅटरी रिपोर्ट काढा, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची तब्येत बघा, आणि वीस मिनिटं रेंडर लावा. "इथे नेट नाही, नंतर बघा" म्हणाला तर उठा.

घेतला. आता पहिल्या आठवड्यात काय बघू?

सगळी स्क्रीन काळी आणि मग पांढरी करून मेलेले पिक्सेल आणि कडेचा उजेड बघा. एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर लावून अर्धा तास एक्सपोर्ट मारा, कार्डाचे वॉट जाहिरातीइतके जातात का ते तिथे दिसतं. आपल्याच कॅमेऱ्याची, नेहमीच्या सेटिंगची क्लिप टाईमलाईनवर टाकून तो व्हिडिओ डिकोडचा ग्राफ हलतोय का बघा. सगळे पोर्ट, माईक, वेबकॅम, कीबोर्डची प्रत्येक की. बॉक्स आणि थर्मोकोल रिटर्नची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, बऱ्याच साईटवर ती फक्त सात दिवसांची असते आणि त्यातही पैसे परत नाही, बदलूनच देतात, म्हणून हे सगळं सात दिवसांच्या आतच उरका.